हॅम रेडिओचा अँटेना: घराच्या आवारात किती उंच, आणि कोणाच्या परवानगीने?

तरंगवाट

नमस्कार मंडळी. इथे व्हर्जिनियात घर घेऊ पाहणारे हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौशी रेडिओ चालवणारे मित्र एक प्रश्न हमखास विचारतात: मागच्या अंगणात टॉवर उभारू देतील का? यातले 'देतील' म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवावं लागतं. बऱ्याच जणांना ते घराच्या कागदांवर सह्या झाल्यावर कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिओचा परवाना देते एफसीसी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची यंत्रणा. जमिनीचा वापर मात्र ठरवतं गाव किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि त्या नियमांना झोनिंग म्हणतात. निवासी भागात घराव्यतिरिक्त काय बांधायचं, किती उंच, हद्दीपासून किती आत, हे सगळं त्यात येतं. काही गावांनी अँटेनाची उंची इतकी खाली आणली की परवाना असून नसल्यासारखा झाला. तेव्हा एआरआरएल या हौशी रेडिओवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८४ साली एफसीसीकडे दाद मागितली आणि सप्टेंबर १९८५ मध्ये पीआरबी-१ हा आदेश निघाला.

आदेशाचा गाभा असा: अँटेनाची जागा, उंची, तो आडोशाला ठेवणं याबद्दल गाव नियम करू शकतं. पण त्या नियमांत हौशी रेडिओला वाजवी वाव हवाच. आणि आरोग्य, सुरक्षितता किंवा परिसराचं रूप यांपैकी जो हेतू असेल, तो साधायला लागेल तेवढंच कमीत कमी बंधन घालायचं. हीच गोष्ट पुढे एफसीसीच्या नियमावलीत ९७.१५ या कलमात आली.

आदेशात फुटांचा आकडा कुठेच नाही, त्यामुळे निकाल दोन्हीकडे लागले आहेत. मिनेसोटातल्या मेंडोटा हाइट्समध्ये मर्यादा २५ फुटांची होती आणि तिथल्या एका हॅम बाईंना ६८ फुटी अँटेना हवा होता. गावाने नाही म्हटलं, प्रकरण आठव्या सर्किटच्या (काही राज्यांच्या गटाच्या) केंद्रीय अपील न्यायालयात गेलं, आणि १९९४ मध्ये न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम शहराने ५१ फुटी अँटेना नाकारल्याचं प्रकरण नवव्या सर्किटपुढे आलं होतं. तिथे शहर जिंकलं. शहराने अर्ज नीट तपासून कारणं नोंदवली होती आणि तडजोडीची तयारी दाखवली होती. म्हणजे गावाला नाही म्हणता येतं, पण विचार न करता नाही म्हणता येत नाही.

काही राज्यांनी पुढे जाऊन आकडाच कायद्यात घातला. व्हर्जिनियात लोकवस्तीची घनता दर चौरस मैलाला १२० पेक्षा जास्त असेल तर काउंटीला ७५ फुटांखालची मर्यादा घालता येत नाही. विरळ वस्तीत हाच आकडा २०० फूट आहे. ओरेगनमध्ये ७० फूट. तुमच्या राज्यात असा कायदा आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

आता भिंत कुठे लागते ती. नवीन वसाहतींमध्ये घरमालक संघ असतो, एचओए. घर घेताना त्याच्या अटी आपण मान्य करतो. त्या अटी खाजगी कराराचा भाग असतात, आणि पीआरबी-१ फक्त सरकारी नियमांना लागू होतो. एफसीसीने एचओएच्या अटींना हात लावायला नकार दिला आहे. संसदेकडून मार्ग काढायचेही प्रयत्न झाले. अमॅच्युअर रेडिओ पॅरिटी अॅक्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, पण सिनेटच्या पलीकडे गेला नाही.

म्हणून घर बघायला गेल्यावर स्वयंपाकघराआधी अटींचे कागद मागा, असं मी प्रत्येकाला सांगतो. गावाच्या नियमाशी भांडता येतं. स्वतः सही केलेल्या कराराशी भांडायला जागाच उरत नाही.

नवाघरकरी

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही जे घर बघतोय तिथे एचओए आहे. पण त्या गल्लीत प्रत्येक घरावर टीव्हीची डिश दिसते. डिश चालते, मग हॅम अँटेनाची तार का नाही?

तरंगवाट

डिशला वेगळा कायदा तारतो. १९९६ पासून एफसीसीचा एक नियम आहे, ओटार्ड म्हणतात त्याला. एक मीटरपर्यंतची डिश आणि टीव्हीचा अँटेना स्वतःच्या ताब्यातल्या जागेत लावायला एचओएसुद्धा मनाई करू शकत नाही. तो नियम टीव्ही आणि इंटरनेटसारख्या सेवांसाठी आहे, हॅम रेडिओ त्यात बसत नाही. डिश दाखवून वाद घालू नका, समितीला हा फरक चांगला माहीत असतो.

कागद मात्र पूर्ण वाचा. 'बाहेर कोणताही अँटेना चालणार नाही' आणि 'समितीच्या लेखी मंजुरीशिवाय चालणार नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पंचगंगाकाठ

उंची का लागते हे लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. शेजाऱ्यांना आणि बऱ्याचदा अधिकाऱ्यांनाही वाटतं, हा माणूस हौसेपायी उंच जातोय.

१४ मेगाहर्ट्झची लहर साधारण २१ मीटर लांब असते. हॅम मंडळी त्याला २० मीटरचा पट्टा म्हणतात. या पट्ट्याचा साधा आडवा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) जमिनीपासून ५ मीटरवर बांधला तर बहुतेक शक्ती सरळ आकाशाकडे जाते. १० मीटरवर नेला, म्हणजे अर्ध्या लहरीइतका, तर मुख्य झोत क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर येतो. २० मीटरवर नेला तर १५ अंशांच्या आसपास. लांबच्या देशांसाठी झोत जितका खाली तितका चांगला. आयनमंडलावर, म्हणजे लहरी परत पाठवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरावर, एकदा आदळून परत येईपर्यंत लहर जास्त अंतर कापते, उड्या कमी लागतात, आणि प्रत्येक उडीला होणारी तूट वाचते.

आता वरचे ६८ फूट बघा. २०.७ मीटर, १४ मेगाहर्ट्झच्या जवळजवळ एक पूर्ण लहर. आणि २५ फूट म्हणजे साडेसात मीटर, अर्धी लहरसुद्धा नाही. त्या बाईंनी मागितलेल्या उंचीमागे हे गणित आहे. अर्जात हे गणित जोडलं तर समोरच्याला दिसतं की आकडा आला कुठून.

शेजारचं_घर

मी हॅम नाही. न्यू जर्सीत राहते आणि शेजाऱ्यांकडे असा जाळीचा टॉवर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. मला खरंच उत्तरं हवी आहेत, वाद घालायचा नाही.

वादळात तो आमच्या छपरावर पडला तर? टॉवरच्या बाजूलाच माझ्या मुलांची खोली आहे, त्या लहरींचं काय? आणि ते बोलायला लागले की आमचे स्पीकर खरखरतात असं आम्हाला वाटतं. शिवाय खिडकीतून आकाश दिसायचं तिथे आता लोखंड दिसतं. या चौथ्या गोष्टीला किंमत नाही का?

तरंगवाट

ताई, चारही प्रश्न रास्त आहेत. पडण्याबद्दल आपले सिव्हिलवाले जास्त चांगलं सांगतील. बरीच गावं हद्दीपासून टॉवरच्या उंचीइतकं किंवा त्याच्या ठरावीक भागाइतकं अंतर मागतात आणि इंजिनिअरच्या सहीचे नकाशे घेतात. तुमच्या गावात ते दाखल असतील तर सार्वजनिक नोंद म्हणून तुम्हाला बघता येतील.

लहरींबद्दल: या लहरी क्ष-किरणांसारख्या अणू-रेणू तोडणाऱ्या नाहीत, फार जवळून आणि फार जास्त शक्ती असेल तर ऊतक तापवू शकतात. म्हणून मर्यादा आखून दिलेल्या आहेत. मे २०२१ पासून एफसीसीने नियम बदलला आणि आधी सूट असलेल्या हौशी केंद्रांनाही आपल्या केंद्राचं गणित करून बघणं बंधनकारक झालं. जुन्या केंद्रांना त्यासाठी मे २०२३ पर्यंत मुदत होती. शेजाऱ्यांकडे तो हिशेब असायला हवा. मागा, कुठलाही चांगला हॅम तो आनंदाने दाखवेल. आणि अँटेना उंच असेल तर माणसांपासून तो दूर जातो. आरोग्याच्या काळजीने उंची कमी करायला लावली तर उलटा परिणाम होतो.

खरखरीचा मुद्दा कायद्याने गावाच्या हातात ठेवलेलाच नाही. १९८२ मध्ये संसदेने रेडिओ व्यत्ययाचा विषय पूर्णपणे एफसीसीकडे दिला. सुनावणीत कोणी 'आमच्या टीव्हीवर रेघा येतील' म्हणालं तर गावाच्या मंडळाला त्या कारणावर परवानगी नाकारता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवून सांगतो, शेजाऱ्यांना भेटा. स्पीकरच्या तारेवर फेराइटचं (एका चुंबकी पदार्थाचं) कडं चढवून अनेकदा आवाज थांबतो, आणि ते आणून बसवून देणं हे हॅमचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

चौथ्या प्रश्नाला किंमत आहे. परिसराचं रूप हा हेतू पीआरबी-१ ने मान्यच केलेला आहे. वर-खाली होणारा टॉवर मिळतो, वापर नसताना तो खाली करून ठेवता येतो. काही गावं परवानगी देताना तशी अट घालतात. मला ती अट वाजवी वाटते.

शेजारचं_घर

धन्यवाद. लहरींचा हिशेब मागेन. खाली करून ठेवता येतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आकाशाबद्दल माझं मत तेच आहे, पण निदान बोलायला मुद्दा मिळाला.

गच्चीवरची_तार

आता पुण्याचं. आपल्याकडे अंगण नाही, गच्ची आहे, आणि गच्ची सगळ्यांची आहे. भारतात पीआरबी-१ सारखी सोसायटीपुढे धरायला ढाल नाही. डब्ल्यूपीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा, परवाना रेडिओ चालवायचा हक्क देतो, सामाईक गच्चीत खांब रोवायचा नाही. परवानाच नसेल तर अर्थात पुढचं काही बोलूच नये.

आमच्या इमारतीत जे उपयोगी पडलं ते सांगते. आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज, परवान्याची प्रत जोडून. मग व्यवस्थापक समिती, आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव. तोंडी 'हो, लावा' यावर कधीच काम करू नये. समिती बदलते आणि नवीन माणसं विचारतात की कोणी परवानगी दिली. ठराव इतिवृत्तात असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

सभेत रेडिएशनबद्दल एकच प्रश्न आला. चर्चा रंगली ती वॉटरप्रूफिंगवर! गच्चीला भोकं पाडणार का, वरच्या मजल्यावर ओल आली तर खर्च कोणाचा. आणि हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, नुकतंच लाखो रुपये घालून केलेलं काम कोण बिघडू देईल? आम्ही स्लॅबला एकही ड्रिल मारलं नाही. पाण्याच्या टाकीच्या एका बाजूपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत तारेचा डायपोल ताणला. दुसरा छोटा खांब लोखंडी चौकटीवर उभा आहे आणि चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवलेत. खाली रबराची चटई. ओल आली तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, असं लिहून दिलं. ठराव एकमताने झाला.

आणखी एक. मोबाईल टॉवर आणि हॅमचा अँटेना लोकांच्या डोक्यात एकच असतात. मोबाईल टॉवर कंपनीचा, भाड्याचा, चोवीस तास चालणारा. त्याचे नियमही वेगळे. हा फरक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा, सभेपर्यंत थांबू नका.

दादर_पश्चिम

+१. मुंबईकरांनी विमानतळ विसरू नये. उंचीवरच्या निर्बंधांचे २०१५ चे नागरी विमान वाहतूक नियम आहेत. विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत नकाशे ऑनलाइन बघता येतात. आपली इमारत कुठल्या रंगात येते आणि तिथे समुद्रसपाटीपासून किती उंचीची मुभा आहे ते कळतं. इमारत आधीच मर्यादेला टेकलेली असेल तर गच्चीवरचा खांब ती ओलांडू शकतो. सांताक्रूझ आणि जुहूच्या आसपासच्यांनी हे पहिल्यांदा तपासावं. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र त्यांच्याकडून घ्यायचं असतं.

अमेरिकेतही २०० फुटांवर गेलात की एफएए या विमान वाहतुकीच्या सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, आणि विमानतळाजवळ त्याहून कमी उंचीलाही.

सळई_आणि_सिमेंट

सिव्हिलवाल्यांना हाक आली म्हणून लिहितो. टॉवरच्या बाबतीत वजनापेक्षा वारा जास्त त्रास देतो. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. फरक छोटा वाटतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तोच अँटेना मुंबईत पुण्यापेक्षा सव्वापटीहून जास्त दाब खातो. वर दहाव्या मजल्याच्या गच्चीवर वारा आणखी जोराचा. पुण्याच्या मित्राची चौकट बघून मुंबईत तशीच ठेवू नका, ठोकळ्यांचं वजन पुन्हा काढा.

ताण द्यायच्या तारा लावल्या तर पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांचे टर्नबकल (तार घट्ट करायचे स्क्रू) तपासायचे. तारा कठड्याच्या विटांना बांधायच्या नाहीत. कठडा त्यासाठी बांधलेला नसतो! आकाशातली वीज जमिनीत नेणारी पट्टी इमारतीला असेल तर खांब तिला जोडायचा, आणि केबल घरात शिरण्याआधी अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा भाग) बसवून त्याला अर्थिंग द्यायचं. वरच्या ताईंना एवढंच सांगेन की नीट आकारलेला आणि तपासलेला टॉवर सहसा पडत नाही. जुगाडाने उभारलेले पडतात, आणि शेजाऱ्यांनी नकाशा मागणं त्यामुळेच योग्य आहे.

जुना_मोर्सवाला

तरुण मंडळींचा हा धागा वाचून समाधान वाटले. उंचीचे गणित पंचगंगाकाठ यांनी अचूक मांडले आहे. त्याला एक पुरवणी जोडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी तेथे संपर्कासाठी गेली होती. अशा वेळी न्यूझीलंडशी बोलायचे नसते. लातूरहून सोलापूरशी, मुंबईशी बोलायचे असते. त्यासाठी ७ मेगाहर्ट्झवर तार मुद्दाम खाली, पाच-सहा मीटरवर बांधतात. शक्ती सरळ वर जाते आणि छत्रीसारखी तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. मधल्या डोंगरांचा अडथळा राहत नाही. घाटापलीकडच्या गावाला व्हीएचएफ (सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरी) पोहोचत नाही, तेथे ही तार पोहोचते.

२००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी परवानगी घेऊन हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटल्यावर त्यांच्याच केंद्रावरून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खबर मिळाली. त्यांचा अँटेना आधीपासून उभा होता म्हणून हे शक्य झाले. आपत्ती आल्यावर सभेची नोटीस काढून ठराव करायला वेळ नसतो.

तेव्हा सोसायटीत राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. उंच मनोऱ्याची परवानगी मिळत नाही म्हणून परवाना कपाटात ठेवू नका. दोन टाक्यांमधल्या तारेवर अख्खा महाराष्ट्र बोलता येतो.

गच्चीवरची_तार

काका, आमच्या ठरावात आपत्तीच्या वेळी सोसायटीला रेडिओचा उपयोग होईल असं एक वाक्य होतं. आता त्याखाली हे अंतराचं गणितही जोडते. मनापासून आभार.

पंचगंगाकाठ

काकांशी सहमत. पण उंचीची मागणी सोडू नये असंही वाटतं. आपत्तीची तार आणि लांबचा अँटेना, दोन्ही कामं वेगळी. गावापुढे किंवा सोसायटीपुढे फक्त आपत्तीचं कारण सांगितलं तर ते म्हणतील, मग पाच मीटर पुरेत ना? हौशी रेडिओ हा प्रयोगाचा आणि शिकण्याचा परवाना आहे, तो हेतूही तितकाच खरा आहे. तो उघडपणे मांडावा.

जुना_मोर्सवाला

मान्य. दोन्ही लिहावे.

नवाघरकरी

कागद आले. एचओएची अट अशी आहे: घराच्या बाहेरून दिसणारा कोणताही मास्ट, टॉवर किंवा अँटेना आर्किटेक्चरल समितीच्या लेखी मंजुरीशिवाय उभारता येणार नाही. पूर्ण बंदी नाही. मागे ओक आणि पाइनची उंच झाडं आहेत. काय मागू?

तरंगवाट

हे घर घेण्यासारखं आहे. टॉवर मागू नका, निदान आत्ता नाही. झाडांमधून बारीक काळी तार न्या, एका टोकाला ट्रान्सफॉर्मर लावून. एंड-फेड हाफ-वेव्ह म्हणतात तो प्रकार. साधारण २० मीटर लांबीच्या तारेत ७, १४, २१, २८ मेगाहर्ट्झ असे पट्टे मिळतात. केबल कुंपणाच्या कडेने जमिनीखालून घरात आणा.

अर्जात प्लॉटच्या नकाशावर तारेची रेघ काढा, तारेची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि रस्त्यावरून व दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दीवरून काढलेले फोटो जोडा, म्हणजे दिसणार काय ते समितीला तिथेच कळेल. शक्ती किती वॅट ते लिहा आणि एफसीसीच्या मर्यादेचा हिशेब सोबत द्या. उत्तर किती दिवसांत द्यायचं याची अट कागदात कुठेतरी असते, ती शोधा आणि अर्जावर पोच घ्या.

आणि मंजुरी लेखी हातात येईपर्यंत करार पक्का करू नका. व्हर्जिनियात एचओएचे कागद मिळाल्यावर माघार घ्यायला ठरावीक मुदत असते, पण ती अगदी थोड्या दिवसांची आहे. समितीचं उत्तर त्यात बसणार नाही, तेव्हा तुमच्या एजंटला सांगून करारातच मंजुरीची अट घालून घ्या. विकणारा तयार झाला नाही तर इथे लिहा, दुसऱ्या भागातली एचओए नसलेली घरं कशी शोधायची ते सांगतो.

नवाघरकरी

एजंटला आजच फोन करते. फोटो काढले की अर्जाचा मसुदा इथेच टाकते, सगळ्यांनी तपासा.